काहीतरी बोल ना

डेव्हिड ओरायली या आयरिश अ‍ॅनिमेटरच्या ‘प्लीज से समथिंग’ या लघुपटाला २००९ साली बर्लिन चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले, तेव्हा मी अ‍ॅनिमेशन शिकत होते. वर्गात तो दाखवला गेला तेव्हा पडद्यावरचे चित्र पाहून आमच्यापैकी बहुतेकांना हे अर्धवट सोडलेले काम वाटले होते, आणि त्या बहुतेकांमध्ये मीही होते. त्यानंतर मी तो अनेकदा पाहिला आहे. प्रेमाविषयी इतक्या थोड्या अवधीत इतके खरे सांगणारे दुसरे अ‍ॅनिमेशन माझ्या पाहण्यात नाही, असे आज मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

कथा एका मांजरीची आणि एका उंदराची आहे. दूरच्या भविष्यकाळातल्या शहरात ते दोघे जोडपे म्हणून राहतात. उंदीर आपल्या कामात बुडालेला असतो आणि मांजर त्याच्या लक्षासाठी आसुसलेली असते. दहा मिनिटांच्या या लघुपटात प्रत्येकी बरोबर पंचवीस सेकंदांचे तेवीस प्रसंग आहेत. ही मोजणी पाहताना जाणवत नाही, पण तिचा परिणाम अंगावर येतो, कारण कोणताही प्रसंग आपल्याला त्यात स्थिरावू देत नाही. भांडण ऐन रंगात असते आणि तुटते, जवळीक नुकती सुरू होते आणि तुटते, आणि मधले सगळे दिवस आपण आपल्याच आठवणीतून भरत राहतो. ज्यांनी काही वर्षे संसार केला आहे त्यांना भरायला काही कमी पडत नाही.

यातले चित्र जाणीवपूर्वक उघडेवाघडे ठेवले आहे. आकृत्या मोजक्या पॉलिगॉनच्या, म्हणजे सपाट बहुकोनी तुकड्यांच्या, आहेत, त्यांच्या कडा दातेरी आहेत आणि रंग सपाट आहेत. संगणकावर थ्रीडी करणारे आम्ही लोक ज्या खुणा पुसण्यासाठी रात्ररात्र रेंडर लावून, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र तयार करून घेत, बसतो, त्या सगळ्या खुणा ओरायलीने तशाच ठेवल्या. २००९ सालीच लिहिलेल्या एका निबंधात त्याने आपली भूमिका मांडली आहे. तिचा आशय असा, की हे जग कृत्रिम आहे हे लपवण्याची गरज नाही; जगाचे नियम एकदा ठरवले आणि ते काटेकोरपणे पाळले, तर प्रेक्षक त्या जगावर विश्वास ठेवतो आणि त्यातल्या पात्रांसाठी रडतोही. रेंडरचा वेळ जवळजवळ शून्यावर आणल्यामुळे एखादा प्रसंग बदलणे त्याला संकलनाइतके सोपे झाले. एकट्या माणसाच्या दृष्टीने ही फार मोठी मुभा आहे. मात्र याकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे मला पटत नाही. मांजरीच्या अंगावरचा एकही केस दिसत नाही, तेव्हा आपल्यासमोर फक्त तिच्या हालचालीची वेळ उरते: ती किती फ्रेम थांबली, कधी वळली, समोरच्याकडे किती उशिरा पाहिले. एखाद्या नात्यात काय बिघडले आहे हे मुख्यतः अशाच गोष्टींतून कळते.

माझा नवरा गेम बनवतो, हे इथे सांगणे भाग आहे. दिवसा तो दुसऱ्यांसाठी प्रोग्रॅमिंग करतो आणि रात्री स्वतःच्या गेमचे काम करतो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला आणि द गेम अवॉर्ड्स या जागतिक पुरस्कारांच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनांत पोहोचला. आपल्याच शहरातल्या मूठभर लोकांनी हे केले, याचा आमच्या घरात फार आनंद झाला होता, आणि त्याच वर्षी त्याने स्वतःचा गेम सुरू केला. तेव्हापासून आमच्या घरातली कित्येक संभाषणे मी त्याच्या पाठीकडे पाहत केली आहेत. मी काही सांगते, तो मान हलवतो, आणि त्याचे डोळे पडद्यावर असतात, कारण एखादे पात्र भिंतीतून आरपार जात असते आणि ते का जाते हे त्याला उमगत नसते. लघुपटातली मांजर मला त्या वर्षांत नव्याने कळली. उंदीरही कळला, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण जे अजून अस्तित्वात नाही त्याच्यावर जीव लावल्याशिवाय ते अस्तित्वात येत नाही, हे मला माझ्याच कामातून ठाऊक आहे.

ओरायली स्वतः पुढे गेमकडे वळला, आणि याच गोष्टीचा मी गेली काही वर्षे विचार करते आहे. २०१३ साली आलेल्या ‘हर’ या चित्रपटात एक एकटा पडलेला माणूस संगणकाच्या आवाजावर प्रेम करू लागतो. तो घरी जो गेम खेळतो, त्यातले उद्धटपणे बोलणारे परग्रहावरचे लहानगे पात्र ओरायलीने केले आहे. त्याच चित्रपटात नायकाची जवळची मैत्रीण गेम बनवणारी दाखवली आहे, आणि तिचाही संसार मोडतो. पुढच्याच वर्षी ओरायलीने ‘माउंटन’ हा गेम काढला. त्यात तुमच्यासाठी एक डोंगर तयार होतो आणि मग तुम्हाला जवळजवळ काहीच करता येत नाही; डोंगरावर ऋतू येतात आणि जातात, आणि अधूनमधून तो डोंगर मनातले एखादे वाक्य बोलतो. हा गेमच नव्हे, अशी टीका त्यावर बरीच झाली. मला ती टीका उथळ वाटते. समोरच्याने काहीतरी बोलावे, या ज्या एका गोष्टीची मांजर वाट पाहत होती, तीच गोष्ट इथे घडते आहे, आणि ती घडण्यासाठी आपल्याला नुसते जवळ असावे लागते.

२०१७ सालच्या ‘एव्हरीथिंग’मध्ये तो याच्या पुढे गेला. या गेममध्ये तुम्ही अस्वल होऊ शकता, झाड होऊ शकता, अणू किंवा आकाशगंगाही होऊ शकता. चार पायांचे प्राणी मात्र त्यात चालत नाहीत, ताठ अंगाने कोलांट्या घेत पुढे सरकतात. वॉक सायकल, म्हणजे पात्राच्या चालण्याची पुन्हा पुन्हा फिरणारी हालचाल, करणे किती कष्टाचे असते हे मला ठाऊक असल्यामुळे, हजारभर जीवांसाठी तो प्रश्नच एका फटक्यात निकालात काढणारा हा निर्णय मला विलक्षण धाडसी वाटतो. काही क्षणांतच त्या कोलांट्या नैसर्गिक वाटू लागतात, म्हणजे २००९ च्या निबंधातला विचार इथेही खरा ठरतो. या गेममध्ये मला खटकते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे अ‍ॅलन वॉट्स या तत्त्वचिंतकाची ध्वनिमुद्रित व्याख्याने. ती सुंदर आहेत, पण लघुपटाने जे न बोलता आपल्यापर्यंत पोहोचवले होते, ते इथे समजावून सांगितले जाते. माझ्यासाठी लघुपट अधिक मोठा आहे.

तरीही तो गेमकडे का वळला असावा, याचे मला सुचलेले उत्तर असे आहे. लघुपट थांबू शकत नाही. पडद्यावरची मांजर कितीही आर्जवाने पाहत असली तरी पंचविसाव्या सेकंदाला प्रसंग संपतो आणि प्रेक्षकाच्या हाती काही राहत नाही. गेम मात्र थांबतो आणि समोरच्या माणसाने काय केले ते पाहून उत्तर देतो. गेम बनवणाऱ्याला एका अनोळखी माणसाच्या हातांची आधीच कल्पना करावी लागते, तो कुठे चुकेल आणि कुठे घाबरेल याचा विचार करावा लागतो. कड्यावरून पाय सुटल्यानंतर उडीचे बटण दाबणाऱ्या खेळाडूलाही क्षणभर सवलत द्यायची रीत गेमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये आहे. ‘सेलेस्ट’ या गेममध्ये ही सवलत सेकंदाच्या दहाव्या भागाची आहे. खेळणाऱ्याला ती कधीच दिसत नाही, त्याला फक्त आपली उडी बरोबर बसली असे वाटते. माझ्या नवऱ्याने मला हे पहिल्यांदा समजावले तेव्हा, इतक्या रात्री तो नेमके काय करत बसतो, हे मला खऱ्या अर्थाने कळले.

त्याचा गेम खाडीवर तर, म्हणजे उतारूंना पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्या एका नावाड्याचा आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी ‘प्लीज से समथिंग’ पुन्हा एकत्र पाहिला आणि त्यानंतर काही आठवड्यांनी त्याने गेममध्ये एक बदल केला. तरीत बसलेले उतारू आता नावाडी वल्हे चालवत असेपर्यंत गप्प असतात. खेळाडूने कंट्रोलरवरची बोटे उचलली आणि होडी प्रवाहात नुसती तरंगू दिली, तरच ते बोलू लागतात. हा बदल त्या लघुपटामुळे झाला असे तो म्हणत नाही, पण मला तसे वाटते. मागच्या रविवारी पाच मित्रांना त्याने नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, खेळायला दिला आणि आम्ही दोघे त्यांच्या मागे उभे राहून पाहत होतो. तिघे जोमाने वल्हवत पलीकडच्या धक्क्याला जाऊन लागले. दोघांनी मध्येच हात थांबवला, आणि तरीतली म्हातारी बोलू लागली.