तुमच्या प्रतिक्रियेतले दोन देव

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की यातला एक मुद्दा तरी निमूट मान्य करायला हवा. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. देवाचं जे चित्र मनात असतं त्याप्रमाणे माणसाचा विचार वळतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: ग्रीक तत्त्वज्ञ झेनोफनीस मी अर्धाच सांगितला, शिकल्यासवरल्या माणसाचा ईश्वर निर्गुण निराकार असतो, आभाळात बसलेला म्हातारा नसतो, आणि देवाबद्दल कुणाला काहीही वाटो, विचार तर्काने चालतो, वैज्ञानिकाच्या गणितात देव येत नाही.

झेनोफनीसबद्दल तुमचं बरोबर आहे. घोड्या-बैलांना हात असते तर त्यांनी आपापल्यासारखे देव काढले असते, हे त्याचं म्हणणं मी उचललं आणि तिथेच थांबलो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला हाच माणूस एका अशा देवाबद्दलही बोलतो, जो देहाने मर्त्यांसारखा नाही आणि विचारानेही नाही. त्याची तक्रार देवाला आपलं नाक-डोळे चिकटवण्याबद्दल होती. मी त्याला परस्पर नास्तिकांच्या पंगतीला बसवलं. चूक माझी.

निर्गुण निराकाराचं मात्र मला पटत नाही, आणि त्याला कारण तुमचीच प्रतिक्रिया. मधल्या परिच्छेदात तुमचा ईश्वर गुणांच्या पलीकडे आहे, त्याला इच्छा नाही, आवडनिवड नाही. शेवटची ओळ आहे, ‘ईश्वर तुम्हाला सद्बुद्धी देवो.’ (मिळाली तर घेईन, नाही कशाला म्हणू.) पण देणारा म्हटला की कुणाला द्यायचं, कधी द्यायचं हे ठरवणारा आला. तीन परिच्छेदांत तुमचा देव बदलला आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही. चिमटा काढत नाही, आपल्या सगळ्यांचंच हे असं होतं. ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ म्हणताना त्याच्या हातात काठी असते. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणताना तो खाटेपर्यंत चालत येतो. पहिली म्हण ज्याच्या मनात मुरली आहे तो अन्याय झाल्यावर स्वतः भांडायला जाईलच असं नाही. हिशेब वरती चालू आहे, असं त्याला वाटतं.

जस्टिन बॅरेट आणि फ्रँक कील या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये हेच तपासून पाहिलं. आधी लोकांना देवाबद्दल विचारलं. तो सगळीकडे आहे, एकाच वेळी कितीही कामं करतो, अशी तुमच्यासारखीच उत्तरं आली. मग त्यांना गोष्टी वाचायला दिल्या. एकीत नदीत एका मुलाचा पाय खडकात अडकतो, तो प्रार्थना करतो. देव त्या वेळी दुसरीकडे कुणाच्या तरी प्रार्थनेला उत्तर देत असतो; थोड्याच वेळात तो खडक सरकवतो आणि मुलगा सुटतो. नंतर आठवून सांगताना अनेकांच्या तोंडी गोष्ट बदलली. देवाने आधी ते पहिलं काम संपवलं आणि मग तो मुलाकडे आला! गोष्टीत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

हे मला पटायला प्रयोगाची गरज नव्हती. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मी थिएटरबाहेर बसलो होतो. मी पूजा-प्रार्थना न करणारा माणूस. समोरच्या बाकावर आणखी एक कुटुंब होतं, त्यांचंही कुणीतरी आत होतं. एक बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. आणि माझ्या मनात आलं, आधी आमचं ऐक. म्हणजे मी न मानलेल्या देवाकडे रांग होती, आणि मी त्या रांगेत घुसायला बघत होतो. पाठोपाठ सौदाही झाला: बाबा सुखरूप बाहेर आले तर सिगारेट बंद.

आता वैज्ञानिकाचं गणित. तुमचा हा आक्षेप सगळ्यात ठाम आहे आणि सगळ्यात कच्चाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा देव भूमितीत विचार करणारा होता. त्यापायी 1596 मध्ये त्याने ग्रहांच्या कक्षा पाच घनाकृतींत बसवल्या, त्या साफ चुकल्या. पण पुढे मंगळाची वर्तुळावर आधारलेली कक्षा टायको ब्राहेच्या नोंदींशी फक्त 8 कलांनी जुळेना, तेव्हाही तोच देव कामी आला. 8 कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव. दुसऱ्या कुणी ती फट बुजवली असती. देवकृपेने टायकोसारखा निरीक्षक लाभला आहे, तर त्याच्या नोंदींकडे काणाडोळा करता येणार नाही, असं केप्लरने लिहिलं. त्यातूनच 1609 मध्ये त्याची लंबवर्तुळाकार कक्षा जगापुढे आली.

न्यूटनचं उलट. ग्रह एकमेकांना ओढत असल्यामुळे त्यांच्या गतीत गडबड साचत जाईल आणि कधीतरी देवाला ती नीट लावावी लागेल, असं त्याचं मत होतं. घड्याळाला मधूनमधून किल्ली द्यावी लागणारा हा कसला कारागीर, अशी थट्टा जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने केली. गुरू-शनीच्या चालीतला मोठा फरक सुमारे 900 वर्षांच्या चक्रात फिरतो, हे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने 1785 च्या सुमारास दाखवलं; म्हणजे निदान ही गडबड तरी साचत जात नाही, फिरून जागेवर येते. न्यूटनच्या समीकरणांत देव नव्हता, हे तुमचं खरं. पण कुठला प्रश्न सोडवायचा आणि कुठला देवावर सोडायचा, हे ठरवताना तो शेजारी बसलेला होता.

एक राहिलंच. मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या अभ्यासात लोकांना स्वतःच्या मताविरुद्ध भाषण करायला लावलं. त्यांची मतं थोडी सरकली, आणि ‘देवाचं मत काय असेल’ याचा त्यांचा अंदाजही त्याच दिशेने सरकला. ‘देवाला हे मान्य नाही’ असं कुणी ठणकावून सांगितलं की मला हा अभ्यास आठवतो. तुमच्या प्रतिक्रियेत ते वाक्य दोनदा आहे.

‘तुमचा स्वतःचा देव कसा आहे ते आधी सांगा’ असंही तुम्ही विचारलंत. मी मानत नाही, हे उत्तर माझ्याकडे कायम तयार असतं. पण बाबा त्या दिवशी सुखरूप बाहेर आले, घरी आले, आणि माझी सिगारेट सुटलेली नाही. दर वेळी पेटवताना मी क्षणभर थांबतो. कुणापुढे ओशाळतो, ते मला सांगता येत नाही.