पहाटे चारच्या वेळापत्रकाला उत्तर

फोंडा, डिचोली, सांगे भागातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. शीर्षक आहे ‘मुलग्यांच्या तयारी शाळेचा आदर्श आठवडा’. सैनिक स्कूलच्या किंवा डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजच्या प्रवेशाकडे डोळे लावून बसलेल्या आईवडिलांसाठी तो लिहिलेला दिसतो. त्याचा गोषवारा असा: मुलग्याला पहाटे चारला उठवा आणि रात्री दहाला झोपवा. रोज बारा तास अभ्यास. खेळ, गाणं, नाटक यांना मिळून रविवारी एक तास. छडीचा धाक हवाच. पहिले तीन महिने घरचा फोन नाही, भेट नाही. मुलींपासून लांब ठेवा. या सगळ्याला आधार काय, तर इंग्लंडच्या प्रेप स्कूलांत, म्हणजे तिथल्या तयारी शाळांत, असंच चालतं, म्हणून तिथल्या पोरांनी जगावर राज्य केलं. आणि गोव्याचे मुलगे सुशेगाद, म्हणजे निवांत आणि आळशी, राहिले, कारण त्यांना असा आठवडा कधी मिळालाच नाही.

मी फोंडा तालुक्यात मुलग्यांच्या एका वसतिगृहाचा अधीक्षक आहे. पाचवी ते दहावीचे मुलगे आमच्याकडे राहतात, बरेचसे सत्तरी, सांगे, काणकोणातल्या वाड्यांवरचे. काही पालकांनी हे वेळापत्रक छापून आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘‘सर, आपल्याकडे हे कधी सुरू करणार?’’ त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी इंग्लंडचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. तिथल्या प्रेप स्कूलांत साधारण सात-आठ वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची मुलं असतात. तेराव्या वर्षी कॉमन एन्ट्रन्स नावाची परीक्षा देऊन ती ईटन, हॅरो, विन्चेस्टर अशा मोठ्या शाळांत जातात. त्यांचा आठवडा काही गुपित नाही. वर्गातले तास मुख्यतः सकाळी. दुपारनंतर बहुतेक दिवशी मैदान: थंडीत फुटबॉल, रग्बी किंवा हॉकी, उन्हाळ्यात क्रिकेट. बुधवार आणि शनिवार हे दुसऱ्या शाळांशी सामने खेळण्याचे ठरलेले वार. शनिवारी सकाळी शाळा भरते हे खरं, पण दुपार सामन्याचीच. पियानो, व्हायोलिनची शिकवणी आणि गायनवृंदाची तालीम शाळेच्या वेळातच होते. संध्याकाळी प्रेप म्हणजे स्वतः बसून अभ्यास करण्याची वेळ असते, ती सहसा तासाभराच्या आसपास. रविवारी प्रार्थना आणि घरी पत्र लिहिण्याची जुनी रीत. दर काही आठवड्यांनी घरी जाण्याची सुट्टी. यात बारा तासांचा अभ्यास कुठे बसतो, ते मजकूर लिहिणाऱ्याने दाखवावं.

त्या शाळा श्रीमंतांच्या आहेत. त्यांची फी, त्यांची मैदानं, त्यांचा नोकरवर्ग आपल्याकडे नाही, आणि त्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण नाव त्यांचं घ्यायचं आणि त्यांच्याकडे कधी नसलेलं वेळापत्रक पालकांच्या गळ्यात मारायचं, ही फसवणूक आहे. शिवाय साडेचारशे वर्षं परक्यांचं राज्य सोसलेल्या गोव्यात, जगावर राज्य करणं ही शाळेच्या यशाची खूण म्हणून हातोहात पुढे जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पहाटे चार. रात्री दहाला झोपून चारला उठणाऱ्या मुलाला सहा तास झोप मिळते. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये वयानुसार झोपेचं प्रमाण जाहीर केलं: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाची रोज किमान तीन तास झोप हे वेळापत्रक तोडतं आणि त्या तासांत त्याला पाठांतराला बसवतं. झोप तुटलेला मुलगा कसा दिसतो हे मी बघतो. तो आळशी दिसत नाही, चिडका दिसतो. पुस्तक उघडं असतं, डोळे ओळीवर असतात, आणि तेच गणित तो तिसऱ्यांदा चुकतो. मग त्याच्यावर आणखी एक तास लादला जातो.

बारा तासांच्या आकड्याला आपल्याच देशातलं एक माप लावून बघा. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवलं आहे. भागाकार करा, दिवसाला साडेचार तास येतात. त्यात घरचा अभ्यास, वाचन, सराव मिळवला तरी सहा-सात तासांच्या पुढे गाडी जात नाही. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसणारं मूल दहा ते बारा वर्षांचं असतं. ३०० गुणांपैकी १५० गणिताला, बाकीचे भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञानाला. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, आणि पुढे वैद्यकीय तपासणी असते. गणिताचा पाया पक्का हवा हे खरंच. त्यासाठी रोज दीड तास शांतपणे आणि न चुकता बसणारा मुलगा हवा. डेहराडूनच्या लेखी परीक्षेनंतर ५० गुणांची मुलाखत असते आणि तिथेही किमान निम्मे गुण लागतात. महिनोन् महिने पुस्तकाशिवाय कशाशी संबंध न आलेला मुलगा त्या खोलीत बसून काय बोलणार?

यातूनच खेळ आणि गाण्याचा मुद्दा येतो. माझा सगळ्यात जास्त राग याच मुद्द्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. हा मजकूर ती आठवड्याला साठ मिनिटांवर आणतो, आणि त्याच साठ मिनिटांत गाणं-नाटकही कोंबतो. आमच्याकडे रोज पाचच्या सुमारास मुलगे मैदानावर असतात. पावसाळ्यात मैदान म्हणजे लाल चिखल. चेंडू पळत नाही, मुलगे पळतात. त्या तासात नववीतल्या मुलाला पाचवीतल्याशी कसं खेळायचं ते ठरवावं लागतं. आज गोलकीपर कोण, भांडण झालं तर थांबवणार कोण, हेही त्यांचं त्यांना ठरवावं लागतं. मी शिट्टी घेऊन कडेला उभा असतो आणि शक्यतो वाजवत नाही. सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून ज्याला घडवायचं आहे, त्याला माणसं सांभाळायची सवय कुठल्या गाईडमधून लागणार?

आणि घुमट, म्हणजे मातीच्या मडक्यावर कातडं ताणून केलेलं आपलं वाद्य. गणेश चवथीच्या आधीचे काही आठवडे आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर आरत्यांचा सराव चालतो, घुमट, शामेळ, कासाळं या वाद्यांवर. घोरपडीच्या कातड्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आल्यापासून घुमटाला बकऱ्याचं कातडं लावतात. पावसाळी हवेत ते सैल पडतं, म्हणून मुलगे वाजवण्याआधी चुलीजवळ धरून शेकतात. किती शेकायचं ते मोठा मुलगा लहानाला बोटाने वाजवून दाखवतो, कारण जास्त झालं तर कातडं फाटतं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. जाहीर करून वाद्य जगत नाही. ज्या पोरांच्या हातात ते जगायचं, त्यांचा तोच अर्धा तास हे वेळापत्रक ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून कापून टाकतं.

छडीबद्दल बोलताना कायदा आधी सांगतो, म्हणजे कुणी हौसेने अडकू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला आणि शाळेतल्या मारावर बंदी आणली. ज्या इंग्लंडचा दाखला दिला जातो, तिथे सरकारी शाळांतली छडी १९८७ मध्ये गेली आणि इंग्लंड-वेल्सच्या खासगी शाळांतली १९९९ मध्ये. प्रेप स्कूल त्या खासगी शाळांतच मोडतात.

छडीने राज्यकर्ते घडतात म्हणणाऱ्यांनी विन्स्टन चर्चिलचंच बालपण पाहावं. आठवं वर्ष पुरं होण्याआधी, १८८२ मध्ये, त्याला अ‍ॅस्कॉटच्या एका नामांकित प्रेप स्कूलमध्ये टाकलं. तिथले मुख्याध्यापक मुलांना निर्दयपणे फोडून काढत. मुलगा अभ्यासात मागे पडला, त्याची प्रकृती ढासळली, आणि १८८४ मध्ये त्याला तिथून काढून ब्राइटनला दोन बहिणींनी चालवलेल्या लहानशा शाळेत घातलं. तिथे मारझोड नव्हती. फ्रेंच, इतिहास, ढीगभर कवितांचं पाठांतर, घोडेस्वारी आणि पोहणं, यांत तो रमला. चर्चिलने पुढे हिंदुस्थानाबद्दल जे केलं ते मला मुळीच मान्य नाही. पण छडीचा पुरावा म्हणून त्या राज्यकर्त्यांतलं कुणी दाखवायचं असेल, तर त्याचं उदाहरण नेमकं उलटं बोलतं.

घरचा फोन आणि भेट तोडण्याचा सल्ला मला छडीपेक्षाही धोक्याचा वाटतो, कारण तो सभ्य दिसतो. ‘मुलगा कणखर होईल’ असं मजकूर म्हणतो. आमच्याकडे कपडे धुण्याचा वार रविवार. दुपारी सगळे मुलगे धुण्याच्या दगडांपाशी जमतात, मोजे घासत गप्पा मारतात, आणि मी तिथे फिरत असतो. कुणाच्या बापाने दारू पुन्हा सुरू केली, कुणाची चड्डी फाटली आहे पण सांगायची लाज वाटते, कुणाशी कोण बोलत नाही, हे मला कार्यालयात बसून कधीच कळलं नसतं. एकदा मंगळवारी सकाळी मागच्या कुंपणावर एक ओली चादर दिसली. रविवार नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तशीच. सहावीतला एक मुलगा रात्री अंथरूण ओलं करत होता आणि सगळे उठण्याआधी अंधारात विहिरीवर जाऊन चादर धूत होता. मी त्याला काही विचारलं नाही. त्याची खाट दाराजवळ, दिव्याच्या उजेडात आणली, शेजारच्या दोन दांडग्या मुलांना दुसऱ्या खोलीत हलवलं, आणि त्याच्या आईला दर शनिवारी येऊन त्याच्याशी बसून बोलायला सांगितलं. ती येताना तोरांचं लोणचं आणायची. दोघं आंब्याखाली बसून पेज जेवायची. हळूहळू कुंपणावर चादर दिसायची बंद झाली. तीन महिने भेट बंद असती, तर तो मुलगा रोज अंधारात विहिरीवर गेला असता, आणि त्यालाच कुणीतरी शिस्त म्हटलं असतं.

इंग्लंडमध्ये आज निवासी शाळांसाठी जे किमान नियम आहेत, त्यांत मुलाला आईवडिलांशी खासगीत संपर्क साधता आला पाहिजे हे स्पष्ट लिहिलं आहे. कोवळ्या वयात घरापासून तोडलेल्या मुलांच्या मनावर राहणाऱ्या परिणामांना ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉय शावेरियन यांनी २०११ मध्ये ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ असं नाव दिलं. ज्यांचा कित्ता गिरवायला आपल्याला सांगतात, ते स्वतःच्या चुका दुरुस्त करायला कधीच लागले आहेत.

मुलींचा मुद्दा थोडक्यात संपतो. सैनिक स्कूलांत २०२१-२२ पासून सगळीकडे मुली आहेत, डेहराडूनच्या कॉलेजात आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून, आणि प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेरही पडली. तुमच्या मुलग्याला ज्या रांगेत उभं राहायचं आहे तिथे शेजारी मुलगी असणार. तिच्याशी नीट बोलायला तो आत्ताच शिकलेला बरा.

राहिला सुशेगादपणाचा आरोप. तो वाचून माझ्या सहकाऱ्यांना हसू आलं, मला आलं नाही. पोर्तुगीज राजवटीत मराठी शाळांना सरकारी आसरा नव्हता, तेव्हा पणजीत १९०८ मध्ये मुष्टिफंड संस्था उभी राहिली, घरोघरी बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर. फोंड्यात १९११ मध्ये गोवा विद्याप्रसारक मंडळ सुरू झालं. मॅट्रिकच्या परीक्षेसाठी इथली पोरं सरहद्द ओलांडून बेळगाव, मुंबई गाठत. ही मुलं आणि त्यांचे आईबाप सुशेगाद होते, असं त्यांच्याच नातवंडांनी फॉरवर्ड करावं?

ज्या पालकांना आपल्या मुलग्यासाठी तयारी शाळा किंवा वसतिगृह निवडायचं आहे, त्यांनी हे वेळापत्रक बाजूला ठेवून तिथे आधी सांगून न ठेवता, एखाद्या बुधवारी दुपारी चारच्या पुढे जावं. मैदानावर कोण आहे ते बघावं. रात्री खोल्यांच्या जवळ कोण झोपतं, मुलाला ताप आला तर घरी फोन कोण करतं, आणि आठवड्यातून किती वेळा मुलगा स्वतः फोन करू शकतो, हे विचारावं. स्वयंपाकघरात डोकवावं, सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतं तेव्हा ताटात काय वाढतात तेही विचारावं. गणिताचा शिक्षक कोण आहे, तो मुलांची नावं घेऊन बोलतो की नंबर, हे दोन मिनिटांत कळतं. आणि एखाद्या पाचवीतल्या मुलाला, अधीक्षक जवळ नसताना, रविवारी काय करतोस असं विचारावं.