अमेरिकी विद्यापीठं आणि सरकारचा पैसा : एका फॉरवर्डला उत्तर

‘अमेरिकेत सरकार शिक्षणात पडत नाही. सगळं खाजगी, देणग्यांवर चालतं, म्हणून तिथली विद्यापीठं जगात पहिली. फी जास्त, कारण दर्जा जास्त. आणि गेट्स-झुकरबर्गने कॉलेज सोडलं, तेव्हा पदवीला तरी काय अर्थ आहे?’ असा मजकूर सध्या ग्रुपांमधून फिरतोय. सुरुवातीला विद्यापीठांची आरती आणि शेवटी त्यांचंच श्राद्ध, ही विसंगती पुढे पाठवणाऱ्यांना खटकत नाही. असो. मुद्दे घेऊ.

सरकार पडलं नाही? हार्वर्ड १६३६ साली सुरू झालं ते मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या ४०० पौंडांवर. ज्यांचं नाव लागलं त्या जॉन हार्वर्ड यांची देणगी दोन वर्षांनी आली. खरी मोठी उडी १८६२ची. यादवी युद्ध चालू असताना लिंकननी मॉरिल कायद्यावर सही केली. राज्याचे अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, जितके सदस्य, तितक्या पट ३०,००० एकर जमीन त्या राज्याला द्यायची आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी करायची. (ही जमीन मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे कौतुकाच्या भरात कुणी सांगत नाही.) एमआयटी आणि कॉर्नेल या खाजगी संस्थांनाही त्यात वाटा मिळाला. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकले ते वॉशिंग्टन स्टेट कॉलेजही याच योजनेतलं. पुढे १९४४च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धावरून परतलेले सुमारे २२ लाख सैनिक सरकारी खर्चाने कॉलेजात गेले. १९५०मध्ये संशोधनाला सरकारी अनुदान देणारं नॅशनल सायन्स फाउंडेशन निघालं. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला आणि वर्षभरात अमेरिकी सरकारने विज्ञानशिक्षणासाठी तिजोरी आणखी सैल केली.

‘सरकार पडत नाही’ यात अर्धं सत्य आहे ते स्वायत्ततेचं. न्यू हॅम्पशायर राज्य डार्टमथ कॉलेज ताब्यात घेऊ पाहत होतं, तेव्हा १८१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रोखलं. संशोधन अनुदानाचे अर्जही बहुतांशी त्याच विषयातले अभ्यासक तपासतात. पैसा सरकारने द्यायचा आणि लुडबुड करायची नाही, असा तो अलिखित करार होता.

‘सगळं खाजगी’ हे तर साफ चूक. तिथले चारपैकी जवळपास तीन विद्यार्थी सरकारी विद्यापीठांत आणि कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी स्थानिक सरकारी कॉलेजं) शिकतात. ‘खाजगी’ हार्वर्डचं म्हणाल, तर एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प प्रशासनाने त्याचं २ अब्ज डॉलरहून अधिक संशोधन अनुदान गोठवलं आणि प्रयोगशाळा हादरल्या. सप्टेंबरमध्ये संघीय न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली. सरकारचा पैसाच नसता, तर गोठवायला काय होतं?

फी आणि दर्जा यांचं नातंही इतकं सरळ नाही. न्यूयॉर्कची सिटी युनिव्हर्सिटी १९७६पर्यंत शिकवणी फी घेत नव्हती, आणि तिच्या सिटी कॉलेजातून पुढे नोबेल मिळवणारे निघाले. सरकारी विद्यापीठांची फी वाढत गेली त्याचं एक मोठं कारण म्हणजे राज्यांनी आखडता घेतलेला हात. २००८च्या मंदीनंतर तर फारच. तो बोजा विद्यार्थ्यांवर आला. आज संघीय शैक्षणिक कर्जाची फेडायची राहिलेली रक्कम १.६ लाख कोटी डॉलरच्या वर आहे. अनेक विद्यापीठांनी खड्डा बुजवायला जास्त फी भरणारे परदेशी विद्यार्थी घेतले. २०२३-२४मध्ये त्यांत सर्वाधिक, ३ लाख ३१ हजारांवर, भारतीय होते. पुण्या-नाशिकचे आईबाप घर तारण ठेवून भरतात ती फी केवळ ‘दर्जाची किंमत’ नव्हे. त्यात तिथल्या राज्यांनी सोडून दिलेला वाटाही आहे.

राहिले गेट्स. त्यांनी हार्वर्ड सोडलं, खरं आहे. पण मायक्रोसॉफ्टचं पहिलं उत्पादन, म्हणजे अल्टेअर या सुरुवातीच्या घरगुती संगणकासाठीचं बेसिक (प्रोग्रॅम लिहायची भाषा), त्यांनी आणि पॉल अ‍ॅलन यांनी लिहिलं ते हार्वर्डच्या पीडीपी-१० संगणकावर. आणि त्या संगणकाचा खर्च अमेरिकेचं संरक्षण खातं उचलत होतं.