दहा हजारांचं टार्गेट आधी काढून टाका

दिवाळीला पुण्या-बेंगळुरूहून मुलं येतात आणि आई-बाबांच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधून जातात. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, महिन्याभरात ते कपाटात गेलेलं असतं. मग म्हणायचं, म्हाताऱ्यांना जमत नाही. न जमायला काय झालं? सेटिंग तिशीतल्या माणसाचं, रोज 10,000 पावलांचं, ते कुणी बदललंच नाही.

10,000 हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवायला काढलेला. 2019 च्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी 72 वर्षांच्या बायका होत्या. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढं फारसा फरक उरला नाही. म्हणून आधी आठवडाभर नुसतं मोजा. जी सरासरी येईल तीत 500 मिळवा, तेच टार्गेट. अंगवळणी पडलं की आणखी 500.

काठी किंवा वॉकर धरणाऱ्यांचा हात हलत नाही, त्यामुळं मनगटावरचं घड्याळ पावलं गाळतं. अशांना पावलांऐवजी मिनिटं द्या: सकाळी 10, संध्याकाळी 10.

गोळ्यांच्या अलार्मचं खरं दुखणं वेगळंच. वयानुसार बारीक, तीक्ष्ण आवाज आधी ऐकू येईनासे होतात, आणि फोनची टिंगटिंग नेमकी तसलीच. नातवाच्या आवाजात "आज्जी, बीपीची गोळी घे गं" असं रेकॉर्ड करून तोच अलार्म टोन लावा. गोळ्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या फोनशेजारीच हवा. अलार्म सोप्यात आणि डबा आतल्या फडताळात असला, तर आज्जी आत पोचेपर्यंत विसरते. गोळ्यांचं वेगळं ॲप असेल तर बॅटरी सेटिंगमध्ये त्याला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, नाहीतर बॅटरी वाचवायला फोन त्यालाच झोपवतो.

सलग दिवस मोजणारी 'स्ट्रीक' मात्र बंदच करा. जुलैत खानापूरच्या पावसात, शेवाळलेल्या पायवाटेवर आकडा राखायला कुणी बाहेर पडलं तर खुब्याचं हाड जायचं. त्या दिवसांत घरातच खुर्चीवरून 10 वेळा उठा-बसा आणि ओट्याला धरून 10 वेळा टाचा उचला, आठवड्यातून निदान तीनदा. पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस हवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आणि बेंगळुरूच्या लेकानं रोज रात्री "आज फक्त 1,800?" म्हणून फोन करू नये. आकडे कुणाला दिसावेत हे आईला विचारून ठरवा. बीपी तर घड्याळावर बघूच नका. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. डॉक्टर वहीच बघतात.