‘साइन इन’ची सूचना कायम येत राहावी म्हणून

‘वायफाय नेटवर्कमध्ये साइन इन करा.’ पणजीच्या 18 जून रस्त्यावर बस रखडलेली असताना दर चार दुकानांमागे ही सूचना वाचण्याचं भाग्य या आठवड्यातही लाभलं. तरीही लोक ती बंद कशी करायची म्हणून विचारत फिरतात. चाललेलं सुख कशाला घालवता? ती जन्मभर येत राहावी यासाठी काय करायचं, ते ऐका.

जिथे टेकाल तिथे वायफाय जोडा. कळंगुटचा शॅक, म्हापशातला दवाखाना, पाहुण्यांना आणायला गेलात ती हॉटेलची लॉबी, काहीही सोडू नका. बाहेर पडताना ‘फर्गेट’ दाबायचं नाही. बिनपासवर्डाचं नेटवर्क फोन मुख्यतः नावावरून ओळखतो. एकदा ‘फ्री वायफाय’ला होकार दिलात की पेडण्यापासून काणकोणापर्यंत त्या नावाचं कोणीही हाक मारो, फोन धावत जाणार. हाक मारणारा चोर असला तरी.

‘ऑटो-कनेक्ट’ला हात लावू नका.

सूचना फारच छळू लागली तर सेटिंगमध्ये जाऊन चुकीचं बटण बंद करा. अँड्रॉइडवर ‘नेटवर्क प्रेफरन्सेस’मध्ये ‘नोटिफाय फॉर पब्लिक नेटवर्क्स’ असतं आणि आयफोनवर ‘आस्क टू जॉइन नेटवर्क्स’. ती बंद केली की ‘जवळ एक नेटवर्क आहे’ ही सूचना थांबते. साइन इनची थांबत नाही, कारण ती फोन नेटवर्कला जोडला गेल्यानंतरची आहे. जोडल्याबरोबर अँड्रॉइड गूगलच्या एका पत्त्यावर विनंती पाठवतो आणि 204 या कोडाचं रिकामं उत्तर येण्याची वाट बघतो. आयफोन अ‍ॅपलच्या पानावर ‘सक्सेस’ हा शब्द शोधतो. कॅफेचा राउटर मध्येच ती विनंती पकडून आपलं पान पुढे सरकवतो. उत्तर भलतंच आलं की फोन तुम्हाला उठवतो. बिचाऱ्याचं चुकतं कुठे?

याहून हुशारी करायची असेल तर कोणीतरी व्हिडिओत दाखवलेली कमांड चालवा, संगणकाला अँड्रॉइड फोन जोडून ‘कॅप्टिव्ह पोर्टल मोड’, म्हणजे साइन इनचं पान आडवं येतंय का हे तपासणारी सेटिंग, शून्यावर आणा. सूचना खरंच बंद होते. पण मग फोन ही तपासणीच करत नाही, मेलेल्या वायफायलाही इंटरनेट समजतो आणि मोबाइल डेटा सोडून त्यालाच चिकटतो. बाजारात इसवणाचे पैसे देताना यूपीआयचं चक्र फिरत राहील, मागे रांग वाढेल, आणि कोळीण तुम्हाला जे म्हणेल ते कोणत्याही सेटिंगनं बंद होणार नाही.

आता मुख्य विधी, म्हणजे फॉर्म भरणं. नाव लिहा. मोबाइल नंबर लिहा. ओटीपीची वाट बघा. जांभ्याच्या जाड भिंतींच्या जुन्या घरातलं कॅफे आहे, आत रेंज नाही, रेंज नाही म्हणूनच वायफाय हवं आहे, आणि वायफायसाठी ओटीपी रेंजवरून येणार आहे! म्हणून बाल्कॉंवात जा, फोन वर धरा, ओटीपी घ्या, आत या, तोवर पानाची मुदत संपलेली असते. पुन्हा जा. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या नंबरापुढे 91 आधीच छापलेलं, खोडता येत नाही. एवढं करून आत शिरलात की ईमेल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस आणि आधीच टिक केलेला ‘ऑफर पाठवा’चा चौकोन. कॉफी प्यायला आलोय की सोयरीक जमवायला? आणि हे सगळं तीस मिनिटांसाठी. मधेच पावसात वीज गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की त्याच्या आठवणीतून तुम्ही पुसलेले. चला, पुन्हा जन्मतारीख.

नाही, पुरे झालं.

मालकांनो, सार्वजनिक वायफायला ओळखपत्र किंवा ओटीपी हवा असं दूरसंचार विभाग 2009 पासून सांगतो, ते मान्य. पण जन्मतारीख त्यानं मागितलेली नाही, ती तुम्हाला हवी आहे. गरजेपुरतीच माहिती घ्या, असं 2023 चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो. फॉर्म बसवून देणाऱ्याला बोलवा, तीस मिनिटांचे चोवीस तास करून घ्या, जास्तीच्या ओळी काढायला लावा आणि राउटरला एक छोटा यूपीएस जोडा. ओटीपीची रेंज कुठे येते तेवढं तरी भिंतीवर लिहा.

आणि तुम्ही, फोनवाले! वर्षभर तीच सूचना बोटानं बाजूला सारताय, मूळ काढायला दोन मिनिटं नाहीत? अँड्रॉइडवर ‘सेव्ह्ड नेटवर्क्स’ उघडा, घर आणि ऑफिस सोडून बाकी एकेक ‘फर्गेट’ करा. एखादं ठेवायचंच असेल तर त्याच्या गिअरच्या चिन्हावर दाबून ‘ऑटो-कनेक्ट’ बंद करा. आयफोनवर वायफायच्या यादीत वर ‘एडिट’ आहे, तिथून पुसा. ठेवायचं त्याच्या ‘आय’वर दाबून ‘ऑटो-जॉइन’ बंद. ती कमांड चालवली असेल तर बदललेली नोंद डिलीट करा. पुढे कधी खरंच साइन इन करायचं असलं आणि पान उघडत नसलं, तर व्हीपीएन बंद करा, ‘प्रायव्हेट डीएनएस’ ‘ऑटोमॅटिक’वर आणा आणि ब्राउझरमध्ये एस नसलेला, नुसत्या एचटीटीपीचा एखादा पत्ता टाका. फॉर्म समोर येईल. जन्मतारखेचा रकाना सक्तीचा दिसला तर उठा आणि मोबाइल डेटा वापरा.