खुलासा: 'पहिला फाऊल माफ' हा नियम आता नाही

बेळगाव-खानापूर भागातल्या ग्रुपांवर फिरतंय की १०० मीटरला पहिला फाऊल स्टार्ट (बंदुकीच्या आवाजाआधीच सुटणं) माफ, दुसऱ्याला बाद. हे जुनं झालं. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाद. डेकॅथलॉनसारख्या (दहा प्रकारांच्या) संयुक्त स्पर्धांतच प्रत्येक शर्यतीत एक माफ. २०११ला देगूच्या (दक्षिण कोरिया) जागतिक स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम फेरीत उसेन बोल्टही असाच बाहेर गेला.

इलेक्ट्रॉनिक ब्लॉकवर (पाय टेकवायचा, वेळ मोजणारा आधार) बंदुकीच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आतली हालचाल म्हणजेही फाऊल. आपल्या लाल मातीच्या मैदानांवर ते यंत्र कुठलं? तिथं स्टार्टरची, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या पंचाची नजर. 'सेट' या त्याच्या तयारीच्या हुकुमानंतर नुसतं अंग थरथरलं, पण हात जमिनीवर आणि पाय ब्लॉकवर टेकलेलेच राहिले, तर फाऊल नाही. फार तर ताकीद. पोरं चुकतात ती 'सेट'नंतर मनात आकडे मोजून. सगळा भार बोटांवर टाकला, तर तोल जाऊन हात आधीच सुटतो.