‘चॅनल वन’चा दाखला कितपत टिकतो?

शाळेत दूरचित्रवाणीवरून चालू घडामोडी शिकवाव्यात, असे म्हणणारे अमेरिकेतील ‘चॅनल वन’चा दाखला हमखास देतात. त्यांचा दावा असा, की या वाहिनीने शाळांना सामग्री फुकट दिली, रोज अवघी बारा मिनिटे घेतली आणि किशोरवयीन मुले जगाविषयी सजग झाली.

ख्रिस व्हिटल यांच्या कंपनीने १९९० मध्ये देशभर सुरू केलेल्या या योजनेत शाळेला डिश अँटेना, व्हीसीआर आणि वर्गांसाठी टीव्ही संच मिळत, हे खरे. परंतु त्या बदल्यात ९० टक्के शालेय दिवशी आणि ८० टक्के वर्गांत हा कार्यक्रम दाखवण्याचे बंधन शाळेला करारानेच स्वीकारावे लागे. बारांपैकी दोन मिनिटे जाहिरातींची असत. उठून जाण्याची मुभा नसलेला प्रेक्षक जाहिरातदाराला मिळत होता; मुलांचा वेळ असा विकण्याचा अधिकार शाळेला कोणी दिला, हा आक्षेप कॅलिफोर्नियाचे तत्कालीन शिक्षणप्रमुख बिल होनिग यांच्यासारख्यांनी तेव्हाच घेतला होता.

‘अवघी बारा मिनिटे’ १८० दिवसांच्या शालेय वर्षात ३६ तास होतात आणि त्यांतील सहा तास निव्वळ जाहिराती.

खरा प्रश्न सजगतेचा आहे. मिशिगन विद्यापीठातील जेरोम जॉन्स्टन यांच्या अभ्यासात घडामोडींच्या माहितीत वाढ आढळली, पण ती माफक होती, आणि शिक्षकाने तो विषय अध्यापनात गुंफला तेथे ती अधिक होती. २००६ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या, वॉशिंग्टन राज्यातील सातवी-आठवीच्या मुलांवरील अभ्यासात तर मुलांना बातम्यांपेक्षा जाहिरातीच जास्त आठवल्या. मात्र माध्यमे कशी वाचावीत याचा पाठ आधी मिळालेल्या मुलांना त्याच कार्यक्रमाचा अधिक लाभ झाला. तेव्हा जे श्रेय पडद्याला दिले जाते, त्यातले बरेचसे शिक्षकाच्या पदरात पडायला हवे. (अँडरसन कूपर यांच्यासारखे पत्रकार तेथून पुढे आले, हे वारंवार सांगितले जाते. त्यांचे कर्तृत्व मान्यच आहे, पण ते प्रेक्षकांच्या शिक्षणाचा पुरावा कसे ठरते, हे मला उमगलेले नाही.)

जाहिरातींशिवाय हे परवडलेच नसते, असा बचाव केला जातो. तोही टिकत नाही, कारण सीएनएनने १९८९ पासून ‘न्यूजरूम’ हा जाहिरातविरहित कार्यक्रम, सोबत शिक्षकांसाठी मार्गदर्शिका देऊन, शाळांसाठी चालवला होता.